हिरवा दोरा, तीन गाठी

सोनागिरी, भोपाळ
९ ऑक्टोबर २०२४

चि. स्वरदा हिला आजीचा आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आईचं, जीभ माझी. तेव्हा अक्षराचं कौतुक तिला कळव आणि मजकुराचा राग माझ्यावर काढ.

फोनवर बोलणं टाळलं म्हणून रुसू नकोस. तुझा बाबा फोन स्पीकरवर टाकून हॉलमध्येच बसतो. तू मला काय विचारलंस ते त्याच्या कानावर पडलं असतं तर बिचारा चहाचा कप घेऊन गॅलरीत पळाला असता. शिवाय दोरे फोनमधून जात नाहीत.

तुझी आई मघापासून 'अंतर्वस्त्र' लिहिते आहे. मी म्हटलं, मी ब्रा म्हणाले, ब्राच लिही. एकच अक्षर आहे असं तीच सांगते, मग हात कशाला अडतो? अठ्ठावीस वर्षं पोरींना शरीराचं शास्त्र शिकवलंय हिने.

(मी गणित शिकवते. – निर्मला)

तर तू म्हणालीस तसं दुकानात काय मिळतं ते बघून आले. निर्मलाला घेऊन अशोका गार्डनच्या बाजारात गेले. ती शेजारच्या भांड्यांच्या दुकानात स्टीलचे डबे बघत उभी राहिली, तिला काही डबे घ्यायचे नव्हते. मी आत गेले. म्हटलं, भरलेल्या अंगाच्या बाईसाठी दाखव. दुकानदाराने खोके काढले. पांढरं, बदामी, पुन्हा बदामी. हाताला लागलं तर वाटावं टपालाच्या थैलीचं कापड आहे. खांद्याच्या पट्ट्या माझ्या पिशवीच्या बंदांएवढ्या. मी म्हटलं, कुछ रंगवाला? लेसवाला? तो म्हणतो, "अम्माजी, इस साइज़ में यही आता है. अंदर का कौन देखता है?" मी म्हटलं, "पहनने वाली देखती है, बेटा. रोज़ देखती है." त्याने खोके परत लावायला घेतले.

म्हणून मोठ्या मापाच्या ब्रा शिवायचं तुझं काम मला पटलं. आता दोरे. तुझ्या कंपनीतल्या शिकलेल्या लोकांना सांगायला लागेल म्हणून नीट सांगते. तुझे आजोबा कारखान्यात फिटर होते तेव्हा मी क्वार्टरच्या ओट्यावर मशीन मांडून साऱ्या कॉलनीचे ब्लाउज शिवले. टेपवरचे आकडे मला वाचता येत नव्हते, म्हणून एका बाईचा एक दोरा. दोऱ्याच्या टोकाला फास. फासापासून पहिली गाठ म्हणजे खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत. दुसरी गाठ म्हणजे छातीखालचा घेर. तिसरी म्हणजे भरलेला घेर. एक खांदा उतरता असेल तर पहिल्या गाठीला चिकटून एक बारीक गाठ. डावा उतरता असेल तर फासाकडच्या अंगाला, उजवा असेल तर पलीकडच्या.

पाच दोरे पाठवते. चार बाया अजून इथेच राहतात, त्यांना विचारून, नव्याने मापून घेतलेत. पाचवा हिरवा, तो जुन्या डब्यातला आहे. त्याचं नाव विचारू नकोस. ती बाई फार हट्टी आहे.

पाकीट उद्या तुझी आई बंद करून कुरिअरला देईल.

तुझी आजी

•

बेंगळुरू
१८ ऑक्टोबर

प्रिय आजी, आणि हे वाचून दाखवणाऱ्या आई,

दोरे मिळाले. ऑफिसात टेबलावर ओळीने मांडले तर लोक बघायला जमले. आजी, तुझ्या तीन गाठींत आमच्या तक्त्यापेक्षा जास्त लिहिलेलं आहे.

तुझ्या दुकानदाराची चूक सगळेच करतात. छाती भरली की मोठा पट्टा देतात, कप मात्र तेवढाच. पट्टा सैल पडतो, पाठीवर वर चढतो, मग सगळं वजन खांद्यांवर येतं आणि खांद्यांना खळगे पडतात. खरं तर वजन खालच्या पट्ट्याने पेलायचं असतं. मला तेच करायचंय: घट्ट अरुंद पट्टा, खोल कप, कप तीन तुकड्यांचा, आणि बगलेकडून आत एक झोळी, म्हणजे सगळं समोर येऊन बसेल. आणि वरचा तुकडा लेसचा. आधार द्यायचा म्हणजे कुरूपच दिसलं पाहिजे असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

पण माझे साहेब विक्रांत सर म्हणतात की मोठ्या मापाच्या बायकांना फक्त झाकायचं असतं, नटायचं नसतं. वीस डिसेंबरला बैठक आहे. तोवर एक असा नमुना दाखवायचा, जो खऱ्या बाईने सकाळपासून संध्याकाळपर्यंत घालून पसंत केलेला असेल. नाही जमलं तर मोठ्या मापांचं काम बंद, आणि मी जानेवारीपासून लहान मुलांच्या बनियनवर. आजी, मला बनियन शिवायची नाहीत.

मी हिरव्या दोऱ्यापासून सुरुवात करते. तो सगळ्यांत अवघड आहे. खालचा घेर बारीक, वरचा भरपूर, आणि उजवा खांदा उतरता. एक विचारायचं राहिलं. हिरव्याची तिसरी गाठ चार बोटं पुढे सरकवलेली दिसते. जुन्या जागी दोरा मुडपलेला आहे. आणि पहिल्या गाठीजवळची ती बारीक गाठ इतर दोऱ्यांवरच्या गाठींसारखी नाही, फार नीटनेटकी आहे. तूच मारलीस ना?

तुझी स्वरदा

•

सोनागिरी
८ नोव्हेंबर

चि. स्वरदास आशीर्वाद. दिवाळीत तुझ्यावाचून चकल्या उरल्या, त्या सोबत पाठवल्या आहेत. दोन तुटलेल्या आहेत, त्या तुझ्या बाबाने चाखून बघितल्या.

तुझं पत्र निर्मलाने वाचून दाखवलं. गाठ सरकल्याचं वाचताना तिला खोकला आला आणि ती दूध बघायला आत गेली. दूध दुपारीच तापवून झालं होतं.

मी पन्नास वर्षं दोऱ्यांना गाठी मारल्या, एक सुटलेली नाही. आणि हिरव्या दोऱ्याला मी कधी बारीक गाठ मारली नव्हती. तो मापला तेव्हा दोन्ही खांदे अगदी बरोबरीचे होते. पण दोरा इतकी वर्षं डब्यात होता. वाढला असेल. खांद्यावर रोज चाळीस वह्यांची पिशवी नेत असेल, म्हणून उतरला असेल. दोऱ्यांचं काही सांगता येत नाही.

(आई हसत आहेत. मी जे सांगितलं तेच लिहिते आहे. – निर्मला)

तू त्या नव्या गाठींवर विश्वास ठेव. ज्या कोणाच्या हातच्या आहेत, त्या हाताला गणित चांगलं येतं.

आणि तुझ्या विक्रांत सरांना माझा निरोप सांग. सुलेखा नावाची एक बाई होती कॉलनीत, या चारांतलाच एक दोरा तिच्या मुलीचा आहे. ती माझ्याकडून साध्या सुती ब्लाउजच्या आतल्या बाजूला जरीची पट्टी लावून घ्यायची. आत. नवऱ्याला दिसायची नाही, सासूला दिसायची नाही. मी एकदा विचारलं, कशाला गं? ती म्हणाली, मला माहीत असतं ना. झाकायचं आणि नटायचं यांत भांडण आहे असं पुरुषांनाच वाटतं.

नमुना लवकर पाठव. हिरव्या दोऱ्याच्या बाईला तो घालायला लावायचं काम माझ्याकडे लागलं. ती नाही म्हणेल. मी ऐकणार नाही.

आजी

•

बेंगळुरू
१९ नोव्हेंबर

प्रिय आजी, प्रिय आई,

पहिला नमुना सोबत आहे. रंग बदामी आहे म्हणून रागावू नकोस. सर म्हणाले, आधी बसतंय का बघ, मग रंगाचं बोलू. लेसही त्यांनी काढायला लावली. मला तो स्वतःलाच आवडलेला नाही, पण आकार बघायला पुरेसा आहे.

त्या बाईंना सांग, पट्टा सगळ्यांत बाहेरच्या हुकावर लावायचा. घालताना थोडं पुढे वाकायचं, बगलेतून हाताने सगळं कपात आणायचं, मग उभं राहायचं. दोन कपांच्या मधला भाग अंगाला चिकटून बसला पाहिजे. नाही बसला तर कप लहान झालाय, आणि ती चूक माझी, त्यांच्या शरीराची नाही. हे वाक्य त्यांना नक्की सांग. त्यांना इतकी वर्षं उलटंच वाटत आलं असणार.

दिवसभर घालून कुठे काचलं, कुठे सरकलं ते लिहून पाठवा. अगदी खरं.

स्वरदा

•

सोनागिरी
२८ नोव्हेंबर

चि. स्वरदा,

नमुना पोचला. हिरव्या दोऱ्याची बाई मंगळवारी आली होती, चहा प्याली, मी पुडकं तिच्या हाती दिलं. असं तुझ्या आईला लिहायला सांगितलं आहे आणि ती मान खाली घालून लिहिते आहे.

खरं सांगायचं तर बाई समोर आली नाही. मी पुडकं एका कपाटात, इस्त्रीच्या साड्यांवर ठेवलं. तीन दिवस ते तिथेच होतं. चौथ्या दिवशी नव्हतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी परत आलं, धुऊन वाळवून, आणि सोबत चिठ्ठी. चिठ्ठी मला वाचता येत नाही हे बाईला माहीत आहे, म्हणून ती चिठ्ठी तुलाच आहे. तुझी आई ती इथे उतरवते.

'खांद्यांवर अजिबात ओझं नाही, हे पहिल्यांदाच झालं. मधला भाग नीट टेकतो. चौथ्या तासाला पाठीमागचा पट्टा अंदाजे दोन सेंटिमीटर वर सरकला. उजवी पट्टी डावीपेक्षा एक सेंटिमीटर आखूड हवी. उजव्या बगलेत शिलाई टोचते. रंग बदामी नको. इतक्या खटपटीनंतर पुन्हा बदामीच घालायचं असेल तर जुनं काय वाईट होतं? आमसुली मिळेल का? लेस लावायची असेल तर लावावी.'

वाचून झालं तेव्हा मी म्हटलं, बाईला रंग फार छान सुचला. तुझी आई म्हणाली, हो, असेल. आणि कान लाल.

आजी

•

बेंगळुरू
७ डिसेंबर

प्रिय आजी, प्रिय आई,

आमसुली नमुना पाठवते आहे. लेस मी स्वतः रंगवून घेतली, तीन वेळा, कारण पहिली बिटासारखी झाली आणि दुसरी विटेसारखी. पट्टा मागे रुंद केला, त्यात दोन हाडं, म्हणजे ताठ बारीक पट्ट्या, घातली, म्हणजे आता चौथ्या तासालाच काय, शाळा सुटेपर्यंत सरकायचा नाही. हो आजी, चौथा तास. घरी दुपार असते, तास शाळेत असतात. मी काही विचारत नाहीये.

पण एक अडचण झाली आहे. मी ती चिठ्ठी सरांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, मग म्हणाले, हे कोणीही लिहू शकतं, तूसुद्धा. अहवाल हवा तर नाव, वय, काम आणि सही पाहिजे. बैठकीत वाचून दाखवला जाईल. नाव नसलेला कागद ते धरणार नाहीत.

मी कोणाला कशाला भाग पाडणार? एवढी वर्षं ज्या बाईंनी स्वतःला लपवलं, त्यांचं नाव दहा अनोळखी माणसांत वाचायचं, हे मी मागू शकत नाही. दुसरी कोणी तयार असेल तर बघ. पण तिच्या मापाचं पुन्हा शिवायला वेळ नाही. वीस तारीख तेरा दिवसांवर आहे.

नमुना मात्र त्यांनाच दे. काही झालं तरी तो त्यांचा आहे.

स्वरदा

•

सोनागिरी
१५ डिसेंबर

चि. स्वरदा,

आज मी सांगते आहे आणि तुझी आई लिहिते आहे, आणि मधे थांबायचं नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तोंडावर बोलायला मला अठ्ठावीस वर्षांत जमलं नाही. तुला सांगायच्या निमित्ताने जमतंय का बघू.

निर्मला लग्न होऊन आली त्याच्या आठव्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं. ती हातात तबक घेऊन उभी होती. ताठ. माहेरी कबड्डी खेळलेली पोर, तिला वाकायचं ठाऊकच नव्हतं. मी आदल्या दिवशीच हिरव्या दोऱ्याने तिचं माप घेतलं होतं आणि मनात म्हटलं होतं, याला शिवायला मजा येईल. तेवढ्यात कॉलनीतल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकूही आलं नाही. पण मी स्वयंपाकघरात जाऊन निर्मलाला म्हटलं, "पदर दोन्ही खांद्यांवरून घे, आणि जरा वाकून चाल. लोक बघतात."

ती वाकली. मग सरळ झालीच नाही. आधी पदर, मग शाल, मग शाळेत छातीशी धरलेलं रजिस्टर. दहा वर्षांपासून ब्लाउजही बाहेर शिवून घेते, माझ्याकडून माप नको म्हणून. मागच्या वर्षी शाळेवाले हिला मुख्याध्यापिका हो म्हणाले तर हिने नको सांगितलं. घरात म्हणाली, काम फार असतं. मला माहीत होतं काय असतं. रोज प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं.

साऱ्या कॉलनीच्या बाया ताठ दिसाव्यात म्हणून मी शिवलं, आणि घरातलीला वाकवलं. चूक तिच्या शरीराची नव्हती, माझ्या जिभेची होती. तू त्या पत्रात लिहिलंस ना, हे वाक्य त्यांना नक्की सांग म्हणून? हे सांगितलं.

सही द्यायची की नाही ते तिचं ती बघेल. मी आग्रह करणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

आजी

स्वरदा, आईंनी सांगितलं तसं शब्दशः लिहिलं आहे. एक वाक्य दुसऱ्यांदा लिहावं लागलं, पहिल्यांदा अक्षर नीट आलं नाही.

ते हळदीकुंकू मला आठवतं. त्यांनाही आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

हिरवा दोरा पाकिटात भरताना बघितला तेव्हाच ओळखला. दोऱ्यांची रीत मी त्याच पत्रात लिहून घेतली होती, मग दार लावून स्वतःचं माप घेतलं आणि गाठ सरकवली. जुन्या मापाने उत्तर चुकलं असतं. का केलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तुझा नमुना चुकू नये, एवढंच मनात होतं. मग वाटलं, माझाही चुकू नये.

अहवाल खाली आहे. तुझ्या सरांना वाचून दाखवायला दे.

'मी निर्मला गिरीश नेहते, वय ५३, गणिताची शिक्षिका, भोपाळ. शनिवार, १४ डिसेंबर रोजी हा नमुना सकाळी सात ते रात्री आठ असा तेरा तास घातला. त्या दिवशी शाळेचा वार्षिकोत्सव होता. खुर्च्या लावल्या, जिने चढले-उतरले, मुलींच्या नाचाची तालीम घेतली. पट्टा सरकला नाही. काहीही टोचलं नाही. शाळेचा वार्षिक वृत्तान्त वाचण्यासाठी मी सव्वीस मिनिटं व्यासपीठावर उभी होते. दोन्ही हात मोकळे होते. रजिस्टर वर्गातच राहिलं, आणि ते मला घरी आल्यावर आठवलं. लेस कोणालाही दिसली नाही. मला माहीत होती.'

निर्मला गि. नेहते

•

बेंगळुरू
२१ डिसेंबर

आजी, आई,

काल मी उभी राहून अहवाल वाचला. 'दोन्ही हात मोकळे होते' इथवर आल्यावर मी कागद खाली ठेवला. आमच्या कारखान्याच्या मुख्य बाई शेवटच्या खुर्चीत होत्या, त्या उठून आल्या, उरलेलं त्यांनी वाचलं. मग नमुना हातात घेऊन विक्रांत सरांना म्हणाल्या, माझ्या मापाचा कधी निघणार?

विक्रीसाठी सात मोठी मापं मागितली होती, चार मिळाली. रंग दोन: काळा आणि आमसुली. बदामी मी घेतलाच नाही. उरलेली तीन मापं मार्चच्या बैठकीत पुन्हा मागणार आहे, आणि तेव्हाही नाही म्हणाले तर जूनमध्ये. तुमचे पाचही दोरे माझ्याकडेच आहेत. मी ते परत देणार नाही.

सरांनी विचारलं, ही शिक्षिका कोण? मी सांगितलं, माझी आई. बैठकीनंतर ते माझ्या जागेपाशी आले. बनियनची फाईल माझ्या टेबलावरून उचलून घेऊन गेले.

स्वरदा

•

सोनागिरी
२ जानेवारी २०२५

चि. स्वरदास आशीर्वाद.

चारच दिले? बरं. उरलेल्या तिनांसाठी भांडायला मी आहेच. गरज पडली तर विक्रांत सरांना पत्र सांगेन. तुझी आई सुंदर अक्षरात लिहील आणि ते वाचेपर्यंत त्यांना कळणारही नाही की आपल्याला काय काय म्हटलंय.

निर्मलाने मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी अर्ज केला. तुझ्या बाबाने विचारलं, अचानक कसं काय? ती म्हणाली, कामाचा व्याप आता झेपेल असं वाटतं. तो हो हो म्हणत गॅलरीत गेला. हॉलमध्ये बसून त्याने सगळं ऐकलेलं असणार.

या पाकिटात एक पांढरा दोरा आहे. हा माझा. पन्नास वर्षं मी दुनियेची मापं घेतली, माझं कोणी घेतलं नाही, आणि स्वतःच्या पाठीमागून दोरा फिरवायला माझे हात आता पुरत नाहीत. काल दुपारी तुझ्या आईने मला खिडकीपाशी उभं केलं. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कशाला लागतं हे? ती म्हणाली, "आई, वाकू नका. माप चुकेल."

मी ताठ उभी राहिले. तिन्ही गाठी तिने मारल्या आहेत, तेव्हा बरोबरच असतील.

रंग बदामी सोडून कुठलाही.

आजी